दोन्ही कान दिसले पाहिजेत

माझी सख्खी मोठी बहीण माझ्याकडून फोटो काढून घेत नाही. मी फोटो काढूनच पोट भरते, माझे फोटो प्रदर्शनांत लागतात, दोन-चार ठिकाणी मुलांना शिकवायलाही जाते. आणि ताई मात्र बँकेच्या फॉर्मवर चिकटवायचा एवढासा फोटोसुद्धा सदर बाजारातल्या जुन्या स्टुडिओत जाऊन काढून आणते. लोक विचारतात, "घरात फोटोग्राफर असून तिकडे काहून जाता वो?" ती म्हणते, "हिचे फोटो मोठ्या लोकांसाठी असतात बाप्पा, आपल्याले समजत नाही." लोक हसतात. मीही हसते. वीस वर्षं मी अशीच हसत आले आणि दर वेळी विषय बदलला, कारण ती काहून जाते ते मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं मला वाटत होतं.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण बाबा रेल्वेत म्हणून आमचा जन्म रायपूरचाच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भाजीवालीने भाव सांगितला की "हव" म्हणून मान डोलवायची. विदर्भातल्या नातेवाइकांना रायपूर म्हणजे जगाचं टोक वाटायचं. ताईसाठी कुठे शब्द टाकला तर "तिकडची पोट्टी? ते तर हिंदीत भांडंल!" असं आईच्या तोंडावर म्हणायचे. मग छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, नवी ऑफिसं उघडली, बदल्या सुरू झाल्या, आणि बघता बघता आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पत्त्यावर पाकिटं यायला लागली. अकोल्याच्या मावशीला लग्नं जुळवायचा भारी सोस. ती आईला म्हणाली, "राजधानीची पोरगी झाली आता तुही. थोडा भाव खा!"

ताई तेव्हा सव्वीसची, एका शाळेत शिकवायची. मी बावीसची, दीडशहाणी.

त्या पाकिटांतून एक स्थळ अकोल्याचं आलं. मुलाच्या ऑफिसची शाखा रायपूरला उघडणार होती आणि त्याची बदली ठरली होती. बायोडाटा टाइप केलेला, पण खाली त्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: मुलीने नोकरी चालू ठेवली तर मला आवडेल. बाकी सगळ्या स्थळांनी "नोकरीची आवश्यकता नाही" असं मोठेपणाने लिहिलेलं. ताईने ती ओळ किती वेळा वाचली असेल, देव जाणे. त्याचा फोटो तिने शाळेच्या शब्दकोशात ठेवला होता. मी एकदा रंगेहाथ पकडली.

"काय पाहून राहिली वं एवढं?"

"काही नाही. कान पाहून राहिली. मोठे आहेत."

आणि इतकी लाजली की मलाच कसंतरी झालं. तिला ते स्थळ हवं होतं. शाळा सुटणार नाही, आईबाबा जवळ राहतील, आणि मोठ्या कानांचा एक माणूस मिळेल. यापेक्षा जास्त तिने कधीच काही मागितलं नाही.

तेव्हाची रीत अशी, की आधी पत्रिका आणि फोटो पाठवायचा. पसंत पडला तर पाहायला येणार, नाही पडला तर "पत्रिका जुळत नाही" अशा चिठ्ठीबरोबर फोटो परत येणार. परत येणं महत्त्वाचं. मुलीचा फोटो परक्याच्या घरात राहू द्यायचा नाही.

फोटो काढायचा तो सदर बाजारातल्या त्या स्टुडिओतच. सोनारांच्या दुकानांच्या मधून एक अंधारा जिना वर जायचा. वर पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन बदकं, आणि एक लाकडी कठडा. त्याच्यावर हात ठेवून आमच्या ओळखीतली प्रत्येक मुलगी उभी राहिलेली. स्टुडिओवाले काका मारवाडी. त्यांचा एकच नियम, "दोनों कान दिखने चाहिए।" केस मागे, मान सरळ, तीन दिवे तीन बाजूंनी, म्हणजे चेहऱ्यावर सावलीचा ठिपका नको. मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरमाचे डाग घालवायचे आणि मुलगी दोन छटा उजळ करून द्यायची.

ताईचा फोटो तयार झाला तसा मी हातात घेऊन नाक मुरडलं. मी तेव्हा नवीनच एका शनिवारच्या फोटोग्राफीच्या वर्गाला जात होते, जुना कॅमेरा घेतला होता, आणि चांगला फोटो कशाला म्हणतात ते जगात मला एकटीलाच कळलंय असा माझा समज होता. मी काकांना तिथेच सुनावलं की हा फोटोच नाही, ही मूर्ती आहे, आणि तीही चुन्याची.

काका रागावले नाहीत. पंख्याखाली प्रिंट वाळवत म्हणाले, "बेटा, फोटो अच्छा वो, जिसे देखके आदमी बाद में पहचान ले। बाकी सब शौक है।"

"और ये जो गोरा कर दिया, उसका क्या?"

"उतना तो सब समझते हैं। उतना घटाके देखते हैं।"

मी जिना उतरताना ताईला म्हटलं, किती अडाणी माणूस आहे! ताई म्हणाली, "पण छान आला नं?" आणि पाकीट पर्समध्ये ठेवून दिलं.

मग मी हट्ट धरला की मी तुझा खरा फोटो काढते. आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे एक उंच खिडकी होती, सकाळी तिथून तिरपा उजेड यायचा. त्या उजेडात तिला पाटावर बसवली. उजवा गाल उजळला, डावी बाजू पार काळोखात गेली. डोळा नाही, कान नाही, नुसता गालाचा एक धागा. ती तांदूळ निवडत होती, मध्येच कशाने तरी थांबली, आणि तेव्हा मी बटण दाबलं. वर्गातल्या अंधारखोलीत कागदावर तो चेहरा हळूहळू वर आला तेव्हा मी खरंच नाचले. आजही सांगते, फोटो चांगला होता. तोच तर माझा ताप आहे. वाईट असता तर मी कधीच विसरून गेले असते.

ताईने तो बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे वं," ती म्हणाली. "पण हा घरीच राहू दे. तिकडे सरळवालाच जाऊ दे."

तिने सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मनाशी सारवासारव करताना मी हे वाक्य कितीदा तरी गाळून टाकलं.

दोन दिवसांनी बाबांनी पत्रिका, बायोडाटा आणि स्टुडिओतला फोटो एका लांब पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि मला म्हणाले, "जाता जाता डिंक लाव अन् पोस्टात टाक." मी डिंक लावायच्या आधी फोटो बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. हात कापला नाही, काही नाही. उलट वाटलं, मी ताईवर उपकार करते आहे. ज्याला हा फोटो कळेल तोच तिच्या लायक. काय पण शहाणपण! खरं सांगायचं तर ते ताईसाठी नव्हतंच. अकोल्याला कुणीतरी ते पाकीट उघडावं आणि माझा फोटो पाहून थक्क व्हावं, हे मला हवं होतं. तिचं स्थळ हे माझं पहिलं प्रदर्शन होतं.

पंधरा दिवसांत मावशीचा फोन आला. पत्रिका जुळत नाही. ताईने फोनजवळच्या स्टुलावरचा रुमाल सरळ केला आणि शाळेत निघून गेली. शब्दकोशातला फोटो बाबांनी रीतीप्रमाणे परत पाठवला. आमचा परत यायचा होता. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहत दारात बसायचे, कारण पाकीट बाबांच्या हाती पडलं तर माझं काही खरं नव्हतं. पण ते आलंच नाही. मला वाटलं, सुटले.

दिवाळीत मावशी आली तेव्हा तिने स्वयंपाकघरात आईला हळूच सांगितलं. मी बाहेर फराळाची ताटं पुसत होते. "पत्रिका गेली चुलीत. त्यायच्याकडे शंका आली म्हणे, का पोट्टीच्या डाव्या गालाले कोड आहे. झाकून ठेवते म्हणतात. अन् आता दुसऱ्या घरीही तेच कानावर आलं."

आई म्हणाली, "अवो माय! कोणी सांगितलं? लेकराचा चेहरा आरशासारखा!"

कोणी सांगितलं ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी झाकलं होतं. तिचा डावा गाल मी काळोखात घातला होता आणि त्याला कला म्हणत होते. इकडे लग्नाच्या बाजारात मुलीची एक बाजू दिसत नसेल तर माणसं एकच प्रश्न विचारतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. काकांनी तिला दोन छटा गोरी केली ते खोटं म्हणून मी नाक मुरडलं. मग अर्धी लपवली ते खरं कसं? त्यांचं खोटं निदान सगळे घटवून पाहत होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. ताटं खाली ठेवायची, आत जायचं, आणि सांगायचं की मी केलं. बाबांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या, मावशीने अकोल्याला जाऊन खुलासा केला असता, दुसरा फोटो गेला असता. कदाचित जमलंही असतं. मी ताटं पुसत राहिले.

बाबांना वाटलं, कोणीतरी काडी घातली. त्यांच्या ऑफिसातले एक मित्र होते, त्यांचीही मुलगी लग्नाची. संशय त्यांच्यावर गेला आणि बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वर्षभर एकाच ऑफिसात दोघं तोंड फिरवून बसले. पुढच्या दसऱ्याला ताईने बाबांच्या हातात आपट्याची पानं दिली, त्यांचा हात धरला आणि ओढतच त्या मित्राच्या घरी सोनं द्यायला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "त्यांनी काही केलं नाही बाबा. मले पक्कं माहीत आहे." मी मनात म्हटलं, किती भोळी आहे ही. तेवढंच म्हटलं आणि चपला उचलून ठेवल्या.

त्यानंतर आलेली दोन-तीन स्थळं तोंडदेखली आली. पाहायला येणारी बाई ताईच्या डाव्या बाजूला येऊन बसायची. एकीने तर "काय लागलं वो इथे?" म्हणत गालाला बोट लावून पाहिलं. ती गेल्यावर ताई बाबांना म्हणाली, "आता पुरे." ती एकदा पुरे म्हणाली की पुरे असतं.

तिचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर ती माझ्या कानाखाली वाजवेल. ती मुख्याध्यापिका झाली, आईबाबांचं शेवटपर्यंत केलं, बिरगावातल्या कारखान्यांत जाणाऱ्या बायांच्या पोरी तिच्या शाळेत शिकून कुठे कुठे गेल्या. तिचं छान चाललंय. पण तिला ते एक हवं होतं, आणि ते मी घालवलं.

माझं काय झालं? माझं भलं झालं. तोच फोटो मी काही वर्षांनी रायपूरच्याच एका प्रदर्शनात लावला. ताईला विचारलंही नाही. बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, जे दाखवलं नाही तेच या चित्राचं बळ आहे. मी स्टेजवर घाम पुसत उभी होते. ताई शाळेतून परस्पर आली होती, खडूचे हात तसेच. फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझा डावा कान कुठे गेला वं?" सगळे हसले. त्या दिवसानंतर तिने माझ्या कॅमेऱ्यासमोर बसणं सोडलं. मी समजले, न विचारता लावला म्हणून रागावली.

आणखी बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघी पंडरीच्या कापडबाजारात शाळेच्या पडद्यांचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानात शेजारी एक माणूस बायको-मुलीबरोबर परकर-चोळीचं कापड पाहत होता. मराठी ऐकून त्याने आमच्याकडे पाहिलं, ताईकडे चांगलं समोरून पाहिलं, आणि अनोळखी माणसाला पाहून हसतात तसं हसून पुन्हा कापडाकडे वळला. कान मोठे होते.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "मी लगेच ओळखला. चांगला काढला होता हो तो फोटो, ज्याने काढला त्याने."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार! मी रस्त्यात उभी राहून रडले. ताईला सांगितलं, धूळ गेली डोळ्यात. तिने पदराचा कोपरा दिला.

या वर्षी तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. शाळेच्या ऑफिसात आधीच्या मुख्याध्यापिकांचे फोटो लावलेत, त्या ओळीत हिचा लागायचा होता. मी म्हटलं, मी काढते, सरळ काढते, तुला हवा तसा. ती म्हणाली, "नको. तू चाल माझ्यासंगं." मी निघताना कपाटातली जुनी वही काढली. स्टुडिओतला तो मूळ फोटो, जो कधी गेलाच नाही, तो मी एवढी वर्षं त्या वहीत ठेवला होता. फेकवला नाही, दाखवला नाही.

जिना तोच. पडदा आता निळा, बदकं गेली. काका पार म्हातारे झालेत, पण दिवे अजून स्वतःच लावतात. ते लावत होते तोवर आम्ही बाकावर बसलो, आणि मी पर्समधून फोटो काढून ताईच्या मांडीवर ठेवला.

"ताई, अकोल्याला हा गेला नव्हता. मी पाकिटात खिडकीवाला टाकला होता."

ताईने चष्मा वर केला, फोटो जवळ धरला. "अवो माय, किती गोरी केली होती मले!" आणि हसायला लागली. हसू संपल्यावर म्हणाली, "माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"परत आला होता नं तो. शाळेच्या गेटावरच आपला पोस्टमन भेटला, मी त्याच्या हातून घेतला. बाबायले दिसला असता तर त्यायनं तुहा कॅमेरा फोडला असता."

म्हणजे दसऱ्याच्या आधीपासून. म्हणजे मी प्रदर्शनात लावला तेव्हाही. पंडरीलाही.

"मग बोलली काहून नाही? एवढी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबली होती," ताई म्हणाली. रागाने नाही. पोरीने गृहपाठ उशिरा दिला तर वही घेताना जशी म्हणत असेल तशी.

चुकलं म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात काकांनी हाक मारली, "आइए मैडम।" ती उठली. स्टुलावर बसली, केस दोन्ही कानांच्या मागे घेतले, मान सरळ केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. तिचा पदर खांद्यावर जरा वाकडा झाला होता. निदान तेवढा तरी सारखा करावा म्हणून मी पुढे होऊन वाकले.

"बेटा, आप जरा हटो," काका दिव्यामागून म्हणाले. "आपकी छाया मैडम के चेहरे पे पड़ रही है।"

मी बाजूला झाले.